आरसा नंतर, आधी उजेड

मावशी, नमस्कार. लग्नाला दीड वर्ष झालं. अमळनेरला एका पतसंस्थेत काम करते. घर जुनं, धाब्याचं. पुढच्या खोलीला मोठी खिडकी आहे, पण तिथे छतापर्यंत कापूस भरलेला आहे. भाव आला नाही म्हणून सासऱ्यांनी अजून विकला नाही. त्यामुळे मी मधल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या आरशासमोर, ट्यूब लावून तयार होते. घरात चेहरा छान दिसतो. पण स्कुटी काढली आणि तिच्या आरशात बघितलं की गाल लालभडक, आणि चेहऱ्याचा रंग एक, मानेचा दुसरा. परवा ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "आज नाटकात काम आहे का गं?" आखाजीनंतर नणंदेचं लग्न आहे, त्याआधी चांगला आरसा घ्यायचाय. ऑनलाइन एक बघून ठेवलाय. गोल, भोवती लाईट, उलटा फिरवला की दहापट मोठं दिसतं, साडेतीन हजारांचा. मला मायनस तीनचा चष्मा आहे, काजळ घालताना काढावा लागतो, म्हणून दहापट बरं पडेल असं वाटतं. हे म्हणतात, आरसा तो आरसा, शंभर रुपयांचा घे. सासूबाई म्हणतात, "आरसा कोन्ता बी ऱ्हावो, तोंड ते तेच दिखस." शिवाय आरसा दारासमोर नको, हेही त्यांचंच. काय करू?
— एक सून, अमळनेर

पोरी, तुझं पत्र वाचून मला आधी त्या स्कुटीच्या आरशाचं कौतुक वाटलं. गाडीचा आरसा बहुतेक वेळा किंचित बाहेर फुगवलेला असतो. मागची सगळी गाडी-माणसं त्यात मावावीत म्हणून. त्यात चेहरा लहान दिसतो, थोडा ताणलेलाही दिसतो. काच म्हणून बघितलं तर तुझ्या कपाटाचा आरसा त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला. तरी खरं कोण बोललं? स्कुटीचा. कारण तो उन्हात होता आणि कपाट अंधारात.

म्हणजे तुझा आरसा बिघडलेला नाही. बिघडलाय तो उजेड. साडेतीन हजारांचा आरसा आणून त्याच मधल्या खोलीत त्याच ट्यूबखाली ठेवलास, तर साडेतीन हजारांत तेच लाल गाल दिसतील. सासूबाई त्या अर्थाने म्हणाल्या नसतील, पण म्हणाल्या ते बरोबर आहे.

मी हे इतक्या ठामपणे सांगते, कारण माझं बालपण काचेच्या दुकानात गेलं. भुसावळला बाबांचं काच-फ्रेमचं दुकान होतं. दिवसभर हिऱ्याने काच कापल्याचा किर्र आवाज आणि गिऱ्हाइकांचा एकच प्रश्न, "आरसा चांगला आहे ना?" बाबा आरसा उचलून दुकानाबाहेर फुटपाथवर न्यायचे आणि म्हणायचे, आता बघा. आत नको म्हणणारं गिऱ्हाईक बाहेर हमखास घ्यायचं.

तुझ्या खोलीत काय होत असेल ते सांगते. ट्यूब भिंतीवर वरच्या बाजूला असणार, आणि बहुधा तुझ्या पाठीमागे. म्हणजे उजेड पडतो कपाटावर, तुझ्या डोक्याच्या मागच्या बाजूवर, आणि चेहरा मात्र स्वतःच्याच सावलीत. आरशाला उजेड लागत नाही, चेहऱ्याला लागतो. हे इतकं साधं असून दहातली नऊ घरं चुकतात. आणि ट्यूब वर असली की भुवयांची सावली डोळ्यांवर, नाकाची ओठांवर, हनुवटीची गळ्यावर. बाई बिचारी डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकायला बसते, आणि ती वर्तुळं नसून ट्यूबची सावली असते.

दुसरी गोष्ट रंगाची. आपल्याकडे सरसकट लावतात ती 'कूल डे लाइट' ट्यूब, साधारण ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप). निळसर पांढरी. स्वस्त असेल तर तिच्या उजेडात लाल रंग कमी पडतो. लाल कमी पडला की आपली गव्हाळ त्वचा मळकट, राखट दिसते. मग तू काय करणार? गालावर आणखी दोन हात. ओठांवर आणखी एक. फाउंडेशनही एक छटा उजळ. बाहेर गेलीस की सूर्य तो हिशोब चुकता करतो.

खर्च करण्याआधी एक सकाळ हे करून बघ. नेहमीसारखी कपाटासमोर तयार हो, पण अर्ध्याच चेहऱ्याला. उजवा गाल, उजवा डोळा. मग हातातला छोटा आरसा घेऊन ओसरीत ये, ऊन थेट तोंडावर येणार नाही अशी सावलीत बस, तोंड उजेडाकडे कर, आरसा उजेडाच्या बाजूला धर, आणि डावी बाजू तिथे कर. पाठ उजेडाकडे करून बसलीस तर प्रयोग वाया. दोन्ही गाल एकमेकांशेजारी बघितलेस की मी पुढे लिहिलेलं निम्मं वाचायची गरज नाही. (ऑफिसला जायच्या आधी तोंड धू. नाहीतर त्या मैत्रिणीला दुसरा विषय मिळेल.)

कायमची सोय म्हणशील तर तुझ्या घरातली सगळ्यात चांगली जागा कापसाने अडवली आहे. त्याला माझ्याकडे औषध नाही, ते बाजारभावाच्या हातात. कापूस गेला की आरसा त्या खिडकीशी मांड. खिडकी उत्तरेची असेल तर सोन्याहून पिवळं, दिवसभर एकसारखा मऊ उजेड. फक्त आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो, त्यामुळे जूनच्या आसपास ऊन उत्तरेकडूनही आत येतं. तेवढ्या दिवसांपुरता पातळ पांढरा पडदा लाव.

तोवर मधल्या खोलीत कृत्रिम उजेड. इलेक्ट्रिकच्या दुकानातून एलईडीच्या दोन छोट्या पट्ट्या घे, फूट-दोन फुटांच्या, वर दुधी झाकण असलेल्या. उघडे टिपके दिसणाऱ्या नको, त्या चेहऱ्यावर ठिपक्याठिपक्यांचा उजेड टाकतात. आरशाच्या डावीउजवीकडे एकेक, डोळ्यांच्या उंचीला, उभ्या. वर एक आणि खाली शून्य असं करू नकोस. खोक्यावर दोन आकडे बघ. केल्विन ४००० ते ५००० च्या मधला. दुकानदार त्याला 'नॅचरल व्हाइट' म्हणेल. आणि सीआरआय, म्हणजे वस्तूचे रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी गुण. साधारण दिवे ८० च्या आसपास असतात, तू ९० किंवा वरचे माग. अमळनेरला नाही मिळाले तर जळगावला बघ, तिथेही नाहीत तर मग ऑनलाइन मागव. दिवा ऑनलाइन घ्यायला हरकत नाही, आरसा घ्यायला आहे. खोक्यावर सीआरआय लिहिलेलाच नसेल तर तो ९० नाही असं समजून चाल. दुकानात दिवा लावायला सांग, त्याखाली तळहात धर, मग दाराबाहेर जाऊन तोच तळहात बघ. तळहाताचा गुलाबीपणा दोन्हीकडे सारखा दिसला की घे. आणि मोबाईलचा कॅमेरा दिव्यावर धर. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतोय. डोळे दुखवून घ्यायला असला दिवा कशाला? इन्व्हर्टर असेल तर या पट्ट्या त्याच्यावर घे. लग्नाच्या दिवशीच लाईट जाणार, हे तुला मी सांगायला नको.

बजेटचा मोठा वाटा इथे घाल. आता उरलेल्यात आरसा.

केवढा घ्यायचा, याचं गणित बाबा पेन्सिलीने काउंटरवर मांडून दाखवायचे. सपाट आरशात आपण पूर्ण दिसायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, आणि मागे-पुढे सरकून त्यात फरक पडत नाही. लोकांना ते खरं वाटत नाही, मागे गेलं की जास्त दिसतं अशी सगळ्यांची समजूत. तुझी उंची समजा पाच फूट दोन इंच, म्हणजे ६२ इंच. तुला ३१ इंचांचा आरसा पायाच्या नखापासून भांगापर्यंत दाखवेल. फक्त तो नेमक्या जागी टांगायला हवा. खालची कड तुझ्या डोळ्यांच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण २९ इंच, आणि वरची कड ६० वर. तुझे मिस्टर पाच-आठ असतील तर त्यांना ३२ ते ६६. दोघांची सोय एका आरशात करायची तर २९ पासून ६६ पर्यंत, ३७ इंच. जरा सैल म्हणून सव्वातीन फूट. त्यांची दाढी, तुझ्या साडीच्या निऱ्या, दोन्ही एकाच काचेत. सहा फुटांचा आरसा विकणारा अडीच-तीन फूट भिंत विकत असतो.

नुसता बसून तोंड करायचा आरसा हवा असेल तर १८ बाय २४ इंच भरपूर.

काच मात्र ऑनलाइन नको. अमळनेरच्याच कुठल्याही काचवाल्याकडे जा आणि ४ किंवा ५ एमएमचा आरसा कापून माग, कडा मशीनने घासून. तो फुटाच्या हिशोबाने भाव सांगेल. पातळ दोन-तीन एमएमचा आरसा स्क्रू आवळले की वाकतो आणि चेहरा एका बाजूला लांबट होतो. प्लॅस्टिकचा 'न फुटणारा' तर नकोच, तो जत्रेतल्या आरशाच्या वळणावर जातो. चांगली काच कारखान्यात वितळलेल्या कथिलावर तरंगवून करतात, म्हणून दोन्ही अंगांनी सपाट असते. तिलाच फ्लोट म्हणतात. आपल्याला ती जवळच, गुजरातेत अंकलेश्वरला होते. तुझ्या कपाटाचा आरसा जुना असेल तर कदाचित त्याआधीच्या ओढलेल्या काचेचा असेल, त्यात बारीक लाटा असतात.

दुकानात पारख अशी कर. आरसा उभा करून चार पावलं मागे हो आणि त्यात समोरच्या दुकानाच्या शटरच्या पट्ट्या बघ. डोकं हळूहळू डावीउजवीकडे हलव. पट्ट्या सापासारख्या वळवळल्या तर आरसा परत. मग पांढरा कागद काचेला टेकव. कागद आणि त्याचं प्रतिबिंब शेजारी-शेजारी दिसेल. प्रतिबिंब थोडं हिरवट असणारच, काचेतल्या लोखंडामुळे. फार हिरवं नको. शेवटी आरसा फिरवून त्याची पाठ बघ. मागचा रंग कुठे खरवडलेला, कडेला बारीक काळे ठिपके, असं काही असेल तर सवलतीत मिळाला तरी घेऊ नकोस. तिथूनच ओल शिरते आणि आतली चांदी काळवंडत जाते. हो, चांदीच. १८३५ मध्ये लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर बसवायची रीत शोधली. चांगल्या आरशाच्या पाठीला अजून चांदीच असते.

भिंतीला चिकटवायला सुतार सिलिकॉन काढेल. त्याची ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर थांबव त्याला. ते चांदी खातं. 'न्यूट्रल' असं लिहिलेलं माग, नाहीतर सरळ क्लिपा लाव आणि भिंत नि आरसा यांत बोटाच्या पेरापेक्षा कमी अशी फट राहू दे. धाब्याच्या मातीच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. पुसताना बोअरचं पाणी थेट आरशावर शिंपडू नकोस, त्याचे पांढरे डाग बसतात आणि खाली ओघळून कडेत शिरतं. फडकं ओलं कर, आरसा नको.

दारासमोर आरसा नको म्हणणाऱ्या सासूबाईंशी या विषयावर अजिबात वाद घालू नकोस. समोर दार असलं की त्याचा उजेड तुझ्या पाठीमागून येणार आणि तुझा चेहरा पुन्हा सावलीत जाणार. त्यांचं कारण वेगळं, माझं वेगळं, जागा एकच ठरते. सुनेने सासूचं ऐकल्याचं पुण्य फुकटात मिळतंय, घेऊन टाक.

आता दहापटीचं. तू इथेच सगळ्यात मोठी फसणार होतीस.

मोठं दाखवणारा आरसा आत खोलगट असतो, वाढायच्या डावासारखा. जितकी पट जास्त, तितकं तोंड त्याच्या जवळ न्यावं लागतं आणि तितका चेहऱ्याचा तुकडा लहान दिसतो. दहापटीत एक भुवई दिसते, दुसरी कुठे आहे ते आठवावं लागतं. दोन्ही भुवया सारख्या करायच्या तर हा आरसा शत्रू. पण तुझ्यासाठी त्याहून मोठी अडचण चष्म्याची आहे. मायनस तीन म्हणजे चष्म्याशिवाय तुला साधारण ३३ सेंटिमीटरपर्यंतच स्वच्छ दिसतं. आरशात आपण स्वतःला बघतो ते दुप्पट अंतरावर. आरसा वीतभर लांब असेल तर प्रतिबिंब दोन विती लांब. म्हणून कपाटासमोर चष्मा काढलास की सगळं धूसर. आणि खोलगट आरसा प्रतिबिंब मोठं करताना ते आणखी मागे ढकलतो. दहापटीच्या जाहिरातीइतकं मोठं दिसेल अशा अंतरावर धरलास तर प्रतिबिंब तुझ्या ३३ सेंटिमीटरच्या कितीतरी पलीकडे गेलेलं असेल. मोठं दिसेल, पण मोठं आणि पुसट. साडेतीन हजारांचं धुकं.

काजळासाठी तुला हवा तो आरसा तुझे मिस्टर सांगतात तोच आहे. साधा, सपाट, हातात मावणारा, शंभर रुपयांचा. तो चष्मा काढून डोळ्यापासून पंधरा-सोळा सेंटिमीटरवर धर. प्रतिबिंब ३०-३२ वर येतं, तुझ्या टप्प्यात. काजळाची रेघ सुईसारखी स्वच्छ दिसेल. एका हाताने धरणं जमत नसेल तर लवचीक मानेचं स्टँड मिळतं, ते टेबलाला अडकव. हे त्यांना सांगताना 'तुमचं बरोबर होतं' असं पूर्ण वाक्य म्हणायची गरज नाही. निम्मंच बरोबर होतं.

मी स्वतः दहापटीचा आरसा एकदा घेतला आहे, हे कबूल करते. पहिल्या आठवड्यात हनुवटीवरचे केस उपटून उपटून तिथे लाल फोड करून घेतले. चार हातांवरून कोणालाही न दिसणारे केस होते ते. तो आरसा काही तुझं तोंड दाखवत नाही, तोंडाचा सातबारा दाखवतो, एकेक छिद्र मोजून.

लग्नाचं एवढं लक्षात ठेव. हळद दिवसा मांडवात, रिसेप्शन रात्री पिवळ्या दिव्यांत. पिवळ्या दिव्याखाली पिवळा आणि पांढरा यांतला फरक कमी दिसतो, लाल खुलतो. म्हणून हळदीला ओसरीतल्या उजेडात हात आवरता घे, आणि रिसेप्शनला तयार झालीस की शेवटी एकदा नेहमीचा पिवळा बल्ब लावून बघ. नणंदेचा मेकअप पार्लरवाली करणार असेल तर तिलाही त्याच दोन पट्ट्यांमध्ये बसव. तिच्या पेटीतल्या आरशाचा लाईट कसला असतो कोणास ठाऊक.

आणि भिंग-आरसा घ्यायचाच असेल, हौस म्हणून, तर पाचपटीचा छोटा घे. पण स्वतःसाठी नको, सासूबाईंसाठी घे. चाळिशी-पन्नाशीनंतर डोळ्याला जवळचं दिसेनासं होतं, आणि हा आरसा प्रतिबिंब मागे ढकलतो. जे तुला अडचणीचं, तेच त्यांना सोयीचं. कुंकू नीट मध्यावर लागेल, डोळ्यात गेलेलं कुसळ दिसेल, हनुवटीचा तो एक केस चिमट्यात सापडेल. 'तोंड ते तेच दिखस' म्हणणाऱ्या बाईंच्या हातात एकदा देऊन बघ.

फक्त वापरून झाला की तो उपडा ठेवायचा किंवा कपाटात. खिडकीत नाही, ओसरीच्या कठड्यावर नाही. खोलगट आरसा ऊन एका बिंदूवर गोळा करतो. माझ्या त्या दहापटीच्या आरशाने मे महिन्यात जळगावच्या घरात पडद्याला रुपयाएवढं तपकिरी भोक पाडलं, आणि मी शेजारच्या खोलीत भरताची वांगी भाजत होते, वास आला तरी कळलं नाही. आमच्याकडे पडदा होता. तुमच्याकडे पुढच्या खोलीत कापूस आहे.